पंचगंगेकाठचं पोलिश बिऱ्हाड



मागच्या दिवाळीआधी आमच्या गटातल्या दोघीजणी साड्यांचा माल भरायला कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला गेल्या होत्या. घाऊक कापडाची पेठ म्हणून गांधीनगरचं नाव आपल्या अहिल्यानगरच्या दुकानदारांना, म्हणजे जुन्या नगरच्या दुकानदारांना, चांगलं ठाऊक आहे. तिथले बरेचसे व्यापारी सिंधी. गाठोडं बांधता बांधता एक म्हातारे शेठ म्हणाले, "आमचे वडील सिंधमधून इथं आले, तेव्हा या चाळींत आधी गोऱ्या बायका राहून गेल्या होत्या. पोलंडच्या." दोघींना वाटलं, शेठ चेष्टा करतायत. कोल्हापुरात पोलंडच्या बायका कशाला येतील?

पण चेष्टा नव्हती. परत आल्यावर त्यांनी केंद्रात विषय काढला, मग आम्ही सगळ्यांनी मिळून वाचलं, विचारलं. आजचं बोलणं त्यावरच आहे. १९४३ ते १९४८ अशी पाच वर्षं, कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावाच्या माळावर सुमारे ५,००० पोलिश माणसं राहत होती. माणसं म्हणायचं, पण त्यांत बहुतेक सगळ्या बायका आणि लेकरं. गडीमाणूस म्हणजे एखादा म्हातारा, आजारी, पाद्री किंवा मास्तर.

आधी पोलंड कुठं ते सांगतो. युरोपच्या नकाशावर जर्मनी आणि रशिया यांच्या मधोमध. दोन दांडग्या शेतकऱ्यांच्या मध्ये ज्याची पट्टी अडकली, त्याच्या बांधाचं काय होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. १७९५ साली तीन शेजाऱ्यांनी मिळून तो देश असा वाटून घेतला, की पुढची १२३ वर्षं नकाशावर पोलंड नावाचा देशच नव्हता. भाषा होती, देऊळ म्हणजे त्यांचं चर्च होतं, आजीच्या गोष्टी होत्या, देश नव्हता. १९१८ साली तो परत उभा राहिला आणि एकवीस वर्षांत पुन्हा मोडला.

पोलिश लोक स्लाव्ह कुळातले. जशी मराठी, कोंकणी, गुजराती, हिंदी या एकमेकींच्या बहिणी, तशा पोलिश, चेक, स्लोव्हाक, युक्रेनी, रशियन या एका घरातल्या. आणि ते घर आपल्या घराशी फार लांबून का होईना, नात्यातलंच आहे. संस्कृत आणि स्लाव्ह भाषा एकाच जुन्या मुळातून फुटल्या. आम्हाला हे वाचून मजा वाटली, म्हणून काही शब्द लिहून आणलेत. मधाला ते म्हणतात 'म्यूत'. भावाला 'ब्रात', आपला भ्राता. विस्तवाला 'ओग्येन', आपला अग्नी. दोनला 'द्वा'. आणि नवरा गेलेल्या बाईला म्हणतात 'व्दोवा'. विधवा. हा शेवटचा शब्द लक्षात ठेवा, पुढं तो लागणार आहे.

१ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीनं पश्चिमेकडून पोलंडवर हल्ला केला आणि दुसरं महायुद्ध सुरू झालं. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत रशिया शिरला. दोघांनी आधीच गुपचूप वाटणी ठरवली होती. पूर्वेचा जो भाग रशियाकडं गेला, तिथली माणसं पुढं आपल्या वळिवड्याला आली, म्हणून आपण त्यांच्या मागं जाऊ.

१० फेब्रुवारी १९४०. ऐन थंडी. पहाटेच्या अंधारात दारावर बंदुकीचे दस्ते आपटले. आवराआवर करायला कुठं अर्धा तास, कुठं त्याहून थोडा जास्त. घरात निजलेली लेकरं उठवायची, काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते ठरवायचं. ज्या बाईनं त्या अर्ध्या तासात पिठाची पिशवी, कुऱ्हाड आणि गोधड्या घेतल्या, तिची लेकरं जगण्याची शक्यता वाढली. आरसा घेतलेलीची तितकी नाही. गुरांच्या डब्यांत कोंबून त्यांना नेलं. कित्येक आठवडे प्रवास. काहींना उत्तरेच्या जंगलात झाडं तोडायला, काहींना सैबेरियात, काहींना कझाकस्तानच्या माळावर सामूहिक शेतीत राबायला. काम होईल तेवढा पाव, तोही ग्रॅमवर मोजून. जो काम करणार नाही तो खाणार नाही, असा नियम. म्हातारी आणि लहान मूल यांना त्या नियमात जागाच नव्हती, मग आईनं आपल्यातला तुकडा तोडायचा. १९४० आणि १९४१ मध्ये अशा चार मोठ्या खेपा झाल्या. सोव्हिएत सरकारच्या स्वतःच्या नोंदींप्रमाणे त्यांत सुमारे सव्वातीन लाख माणसं उचलली गेली. पोलिश लोकांचा जुना अंदाज याच्या कितीतरी पट आहे. सगळे पोलिशच होते असंही नाही, युक्रेनी होते, बेलारूसी होते, ज्यू होते.

दुसरी खेप १३ एप्रिल १९४० ची. ती मुद्दाम बायकामुलांची होती. ज्यांचे नवरे सैन्यात अधिकारी, पोलीस किंवा सरकारी नोकर म्हणून आधीच पकडले गेले होते, त्यांची कुटुंबं. त्याच महिन्यांत सोव्हिएत गुप्त पोलिसांनी अशा सुमारे २२,००० कैद्यांना गोळ्या घालून पुरून टाकलं. त्यातली एक जागा म्हणजे कातिनचं जंगल. या बायकांना हे माहीत नव्हतं. त्या कझाकस्तानात शेण थापून जळण करत होत्या, नवऱ्याचं पत्र का येत नाही याची वाट बघत होत्या. एप्रिल १९४३ मध्ये कातिनची थडगी उघडी पडली. रशियानं ते जर्मनांवर ढकललं. खरं काय ते सोव्हिएत सरकारनं कबूल केलं १९९० साली. म्हणजे पन्नास वर्षं. तोवर कितीजणी 'व्दोवा' होत्या की नव्हत्या, हे त्यांचं त्यांनाही ठरवता येत नव्हतं.

मग जून १९४१ मध्ये जर्मनीनं रशियावरच हल्ला केला. काल वैरी असलेले पोलिश आता रशियाला उपयोगी वाटायला लागले. ३० जुलै १९४१ ला करार झाला. पोलंडचं सरकार तेव्हा लंडनमध्ये परागंदा होतं, त्याच्याशी. कैदेतल्या पोलिश लोकांना 'माफी' मिळाली. माफी कसली, गुन्हाच नव्हता, पण शब्द तोच वापरला. जनरल अँडर्स यांनी तिथंच पोलिश फौज उभी करायला घेतली आणि बातमी पसरली, की दक्षिणेकडं जा, फौज आहे तिथं जा.

बायका निघाल्या. पायी, बैलगाडीनं, मालगाडीच्या डब्यांवर. उझबेकिस्तानात कापूस वेचून दिवस काढले. हो, कापूसच. टायफॉइडसारखा तापाचा आणि जुलाबाचा आजार पसरला आणि इथं जितकी माणसं गेली तितकी कदाचित जंगलातही गेली नसतील. कित्येक आयांनी आपली पोरं फौजेच्या अनाथाश्रमात नेऊन दिली. 'आई मेली' असं सांगायला शिकवून दिली, कारण अनाथ मुलाला आधी बाहेर काढतील, आई जिवंत असली तर कदाचित काढणार नाहीत. मैत्रिणींनो, हे वाचताना आमच्यातली एक उठून बाहेर गेली. तिचं काय आठवलं ते आम्ही विचारलं नाही.

१९४२ च्या मार्च-एप्रिलमध्ये आणि मग ऑगस्टमध्ये अशा दोन वेळा ही फौज कास्पियन समुद्र ओलांडून इराणला गेली. सैनिक आणि त्यांच्यामागची माणसं मिळून सुमारे १,१५,०००. त्यांत साधारण ३७,००० साधी माणसं, बायका-मुलं. इराणच्या पहलवी बंदरावर उतरल्यावर अंगावरचे कपडे जाळले, सगळ्यांच्या डोक्यावरचे केस काढले, आंघोळ घातली. उपाशी पोटाला एकदम चरबीचं मटण आणि भात मिळाला आणि ते न सोसून कित्येक जण मेले. दुष्काळातून आलेल्या जनावराला एकदम हिरवा चारा घालू नये हे आपल्याला कळतं. माणसांच्या बाबतीत तिथं घाईत विसरले असावेत.

इराणात एवढी माणसं ठेवता येत नव्हती. कुणाला पूर्व आफ्रिकेत पाठवलं, कुणाला मेक्सिकोला, सातशेहून जास्त मुलं न्यूझीलंडला गेली. आणि काही हजार कराचीच्या बंदरावरून आपल्याकडं आली.

सगळ्यात आधी आली ती मुलं. १९४२ साली अनाथ मुलांचे तांडे ट्रकमधून इराणमार्गे क्वेट्ट्यावरून आले. नवानगरचे, म्हणजे जामनगरचे महाराज दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडीला समुद्रकाठी त्यांच्यासाठी छावणी बांधली. मुलांना ते म्हणाले होते, की तुम्ही आता अनाथ नाही, तुम्हीही नवानगरचे. मुलं त्यांना बापू म्हणत. खर्चासाठी इतर संस्थानिकांनी आणि टाटांसारख्यांनी वर्गणी दिली. या कामात मुंबईच्या पोलिश वकिलातीतल्या एका बाईचा मोठा हात होता, किरा बनासिन्स्का. वकिलांची बायको, रेडक्रॉसचं काम बघायच्या. युद्ध संपलं, त्यांच्या देशात वेगळं सरकार आलं, त्या परत गेल्या नाहीत. हैदराबादला राहिल्या, तिथल्या बायका-मुलांसाठी काम करत राहिल्या आणि भारत सरकारनं त्यांना पद्मश्री दिली.

आता वळिवडं.

कोल्हापूर संस्थानची जागा निवडली ती हवा बरी म्हणून, पंचगंगेचं पाणी जवळ म्हणून आणि रेल्वे जवळ म्हणून. राजाराम महाराज १९४० साली वारले होते, गादीवरचे दत्तक महाराज अजून दुधाच्या दातांचे होते. तेव्हा एका राजानं उदार होऊन आसरा दिला एवढीच ही गोष्ट नाही. जागा संस्थानची, हुकूम दिल्लीच्या इंग्रज सरकारचा, आणि खर्च लंडनमधल्या पोलिश सरकारच्या खात्यावर. आणि रोजचा शेजार कोल्हापूरच्या साध्या माणसांचा. आम्हाला विचाराल तर हा शेवटचा भाग सगळ्यात मोठा, आणि त्याचाच उल्लेख दगडावर सगळ्यात कमी होतो.

हे कधी घडत होतं, तेही बघा. ऑगस्ट १९४२ पासून आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात काँग्रेसचे बारा मोठे पुढारी कैदेत होते. नेहरू, पटेल, मौलाना आझाद. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं ते इथंच. जे सरकार नगरच्या किल्ल्याला कुलूप लावत होतं, तेच वळिवड्याच्या माळावर चाळी बांधत होतं. त्याच १९४३ साली बंगालात लाखो माणसं उपाशी मरत होती. आपला देश गुलाम, त्यात उपाशी, आणि त्याच्याच अंगणात दुसऱ्या मोडलेल्या देशाची बायकामुलं. यात त्या बायकांचा काही दोष नव्हता. पण गोष्ट सांगताना हा भाग गाळला तर ती नुसती गोड होते, खरी होत नाही.

१९४३ च्या उन्हाळ्यानंतर माणसं यायला लागली. लांबच लांब बैठ्या चाळी, बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, वर कौलं, पुढं पडवी. एकेका कुटुंबाला खोली आणि चूल. पोलंडातल्या बर्फाच्या घरात राहिलेल्या बायकांना तट्ट्याची भिंत आणि मृगाचा पाऊस हे दोन्ही नवं. पण जिनं दोन वर्षं गुरांच्या डब्यात आणि मातीच्या खोपटात काढली, तिला स्वतःचं दार मिळालं होतं. बायकांनी पडवीपुढं फुलझाडं लावली, वेल चढवले. रस्त्यांना आपल्या भाषेतली नावं दिली. म्हणजे कोल्हापूरच्या माळावर एक पूर्ण पोलिश गाव उभं राहिलं. चर्च, दवाखाना, अनाथ मुलांचं घर, नाटकाचं थेटर, सहकारी दुकान. शिवणकाम, विणकाम, भरतकामाचे वर्ग. आजूबाजूच्या गावांतले भाजीवाले, अंडीवाले, कोंबड्यावाले तिथं विकायला जात. पोलिश बाईला 'किती' आणि 'नको' एवढं मराठी यायला वेळ लागला नाही, असं आपण बिनधास्त म्हणू शकतो. बाजारात हे दोन शब्द आले की भाषा आलीच.

आणि शाळा. हे सांगण्यासाठीच आज आम्ही माईकपुढं बसलो आहोत.

वळिवड्यात बालवाडीपासून वरच्या मॅट्रिकच्या परीक्षेपर्यंत शाळा होती. वेगवेगळ्या प्राथमिक शाळा, हायस्कूल, धंदेशिक्षण, शिक्षिका तयार करायचा वर्ग. पुस्तकांची टंचाई, मग फळ्यावरचं वहीत उतरवून घ्यायचं. शिकवणाऱ्या बहुतेक बायकाच, त्याच चाळींत राहणाऱ्या. दोन-तीन वर्षं ज्या मुलांनी पाटी बघितली नव्हती, चौदा-पंधरा वर्षांची होऊन लहान्यांबरोबर बसत होती, त्यांना त्या आयाबायांनी ओढून पुढं नेलं. शिवाय स्काउटच्या तुकड्या, मुलांच्या आणि मुलींच्या. ज्यांची छाती बिघडली होती त्यांना पाचगणीला ठेवायचे, तिथं पोलिश लोकांसाठी आरोग्यधाम होतं. वांदा द्यनोव्स्का नावाची एक पोलिश विदुषी आधीपासून भारतात होती, गांधीजींच्या आश्रमात जाऊन आलेली. लोक तिला उमादेवी म्हणायचे. ती वळिवड्याच्या मुलांना भारताबद्दल सांगायची, आपण ज्यांच्या देशात राहतो त्यांना ओळखा म्हणायची.

आता आपल्याकडं या. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या बायका ऐकत असतील. दसरा झाला की मुकादम येतो, उचल आधीच घरात येऊन खर्च झालेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. ट्रकमध्ये बाजरीचं पोतं, तवा, कोंबडी, शेळी, लहान पोर आणि निघालं बिऱ्हाड. कुणी प्रवरेकाठी, कुणी सांगली, कुणी कोल्हापूर. आपल्याच जिल्ह्यात, प्रवरानगरला, सहकारी साखर कारखान्याची सुरुवात झाली म्हणून आपण अभिमान सांगतो आणि आपल्याच जिल्ह्यातल्या बायका साडेतीनशे किलोमीटरवर पंचगंगेकाठी कोपी घालून राहतात. पाचटाची भिंत, वर प्लॅस्टिकचा कागद. पहाटे तीनला फडात.

आमच्यातल्या दोघींचं बालपण त्या कोपीत गेलंय. एक सांगते, "दिवाळीपर्यंत मी गावच्या शाळेत, मग पाडव्यापर्यंत फडात. परत आले की गुरुजी विचारायचे, नाव काढलं होतं, परत घालायचं का? दरवर्षी नाव घालायचं. चौथीत तीनदा बसले. मग बसलेच नाही." तिची शाळा कुठली ते आम्ही सांगत नाही, कारण ती एका शाळेची गोष्ट नाही. साखरशाळा निघाल्या, काही चांगल्या चालल्या, काही बंद पडल्या. पण फड हलला की कोपी हलते आणि कोपी हलली की शाळा मागं राहते.

तर वळिवड्याचं वाचताना आम्हाला आधी हेवा वाटला. खोटं कशाला बोला? म्हटलं, परदेशातून आलेल्या पोरांना कोल्हापुरात मॅट्रिकपर्यंत शाळा आणि नगरच्या पोरीला त्याच कोल्हापुरात कोपीच्या दाराशी धाकट्या भावाला सांभाळायचं काम. मग जरा शांतपणे विचार केला. त्यांच्यामागं, परागंदा का होईना, एक सरकार होतं. हिशेब ठेवणारं, मास्तरांचे पगार काढणारं. त्यांच्यात शिकलेल्या बायका होत्या. आणि त्यांचं बिऱ्हाड एका जागी पाच वर्षं होतं. ऊसतोडीच्या टोळीमागं फक्त मुकादम असतो आणि त्याच्याकडं असते ती वही उचलीची. तेव्हा 'त्या बायकांनी केलं, तुम्हाला का जमत नाही' असं कुणी या गोष्टीवरून आपल्याला सुनवायला आलं, तर ऐकून घेऊ नका. पण एवढं खरं, की ज्या लोकांचं सगळं गेलं होतं त्यांनी चूल मांडल्यावर लगेच फळा टांगला. देश नकाशावर राहील की नाही ठाऊक नव्हतं. सव्वाशे वर्षं तो भाषेतच तर जगला होता.

ती भीती खरी ठरली, म्हणजे निम्मी. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला तिघा मोठ्यांची बैठक झाली आणि पूर्व पोलंड रशियाकडंच राहिला. वळिवड्यातल्या बायकांच्या नवऱ्यांनी, भावांनी मे १९४४ मध्ये इटलीत मॉन्टे कॅसिनोचा डोंगर जिंकून दिला होता, हजारभर पोलिश पोरं तिथं पडली, आणि त्यांची गावंच आता त्यांच्या देशात नव्हती. जुलै १९४५ मध्ये इंग्लंडनं लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. युद्ध जिंकून घर हरलं, अशी ही माणसं. घरी जा म्हटलं तर कुठल्या घरी? थोड्या परत गेल्या. ज्यांचे नवरे फौजेत होते त्या १९४७ च्या सुमारास इंग्लंडला जायला लागल्या. कुणी ऑस्ट्रेलिया, कुणी कॅनडा, अमेरिका. बालाचडी बंद झाल्यावर तिथली मुलंही १९४६ मध्ये वळिवड्याला आली होती, तीही पांगली. एका पोलिश मुलीनं मात्र कोल्हापुरातल्या मराठी तरुणाशी लग्न केलं, नाव बदललं, नऊवारी सासूच्या घरात नांदली आणि कोल्हापूरकर झाली. आणि सत्तरहून जास्त जण कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत कायमचे राहिले.

१९४८ मध्ये छावणी संपली. त्या चाळी मोकळ्या राहिल्या असत्या, पण राहिल्या नाहीत. फाळणी झाली होती. ज्या कराचीतून पोलिश बायका इकडं आल्या होत्या, त्याच कराचीतून, सिंधमधून, आता सिंधी कुटुंबं अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली होती. त्यांनाही गाव होतं आणि ते रातोरात दुसऱ्या देशात गेलं होतं. सरकारनं त्यांना वळिवड्याच्या छावणीत जागा दिली. एका निर्वासिताची चूल विझली, तिथंच दुसऱ्यानं पेटवली. त्याचं गांधीनगर झालं, कापडाची पेठ झाली आणि तिथूनच आमच्या गटाच्या साड्या येतात.

जगभर पांगलेल्या पोलिश लोकांना त्यांच्या भाषेत मिळून एक नाव आहे, 'पोलोनिया'. जशी लेक सासरी गेली तरी माहेरचं नाव सांगते, तसं. भारतातून गेलेल्यांनी लंडनमध्ये आपलं मंडळ काढलं, भेटी ठेवल्या, आठवणींचं जाडजूड पुस्तक काढलं. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्यांचा स्मारकस्तंभ १९९८ साली उभा राहिला. दफनभूमीतली थडगी पुन्हा नीट बांधून काढली. २०१९ मध्ये, युद्धाला ८० वर्षं झाली तेव्हा, पोलंडचे मंत्री आणि लहानपण वळिवड्यात काढलेली काही म्हातारी माणसं कोल्हापूरला आली. तिकडं त्यांच्या राजधानीत, वॉर्सात, कोल्हापूरच्या नावाचा स्मृतिफलक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये आपले पंतप्रधान तिथं गेले, तेव्हा टीव्हीवर तो तुम्ही बघितलाही असेल. जामसाहेबांच्या नावाचा चौकही त्याच शहरात आहे.

येताना जी पाच-सात वर्षांची होती, ती आज नव्वदीच्या आसपास आहेत, जी आहेत ती. त्यांच्या आयांपैकी आता कुणी असण्याचं वय राहिलं नाही. त्या आयांनी कधी भाषण केलं नाही की स्तंभावर त्यांची वेगळी नावं नाहीत.

यंदाही दसऱ्यानंतर टोळ्या निघतील. ज्यांचा फड करवीर, हातकणंगले, शिरोळकडं लागेल, त्यांना आमचं एक सांगणं आहे. कारखाना बंद असेल त्या दिवशी, लेकरांना घेऊन कोल्हापुरात महावीर उद्यानात जा. स्तंभावरची अक्षरं पोरांना बोट लावून बघू द्या. आणि कोपीच्या आसपास साखरशाळा आहे का, चालू आहे का, मास्तर येतात का, एवढं केंद्राच्या नंबरावर कळवा. गावाचं आणि कारखान्याचं नाव सांगा. पुढच्या महिन्यात त्याच कळवलेल्या गावांवर आम्ही बोलणार आहोत.